तीन नंबरचा बेस

सिल्वाशातल्या आमलीत आम्ही राहायचो त्या दोन खोल्यांत धड उजेडाची खिडकी एकच होती, आणि तिच्यावरून आईचं नि आप्पांचं कायम वाजायचं. आईला तिथं बसून डाळ-तांदूळ निवडायचे असत, आप्पांना तिथं टेबल हवं असे. शेवटी टेबल जिंकलं. कारखान्यात सूत ज्या लाकडी खोक्यांतून यायचं ती खोकी फोडून आप्पांनी ते स्वतःच ठोकलं होतं. त्याच्या एका पायावर ‘ही बाजू वर’ असं इंग्रजीत छापलेलं होतं आणि शेजारचा बाण जमिनीकडं होता. ज्या घरचं टेबलच उलटं त्या घरचं काय सरळ व्हायचं, असं आई येता-जाता म्हणायची. आई अमळनेरकडची. सिल्वाशात येऊन बारा वर्षं झाली तरी तिच्या तोंडची अहिराणी हटली नव्हती. दारावर दुधनीकडून मासे घेऊन येणाऱ्या बाईशी ती अहिराणीत घासाघीस करायची, ती बाई आपल्या बोलीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी अडलं नाही. तिच्या चुलीवर कळण्याची भाकरी, ठेचा आणि आठवड्यातून एकदा शेवभाजी व्हायची, आणि त्याच वेळी पलीकडच्या टेबलावरून डाग देताना जळणाऱ्या राळेचा धूर यायचा. मला अजूनही ठेच्याचा ठसका लागला की मागोमाग राळेचा वास येणार असं वाटतं, आणि तो येत नाही तेव्हा चुकल्यासारखं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. सायलीतल्या एका सूत कारखान्यात ते मिस्त्री होते. आले तेव्हा मोटारी गुंडाळायचे, वायरी ओढायचे, पण यंत्रांच्या पोटात सर्किटच्या हिरव्या पट्ट्या, म्हणजे बोर्ड, येऊ लागल्या तसे ते त्यांच्या मागं लागले. कुणी शिकवलं नाही. जळलेल्या पट्ट्या घरी आणायच्या, उजेडावर धरून त्यांच्यावरच्या रेघा कागदावर उतरवायच्या आणि तशीच नवी पट्टी घरी बनवायची, हे त्यांचं शिक्षण. परदेशी कंपनीकडून सुटा भाग यायला सहा-सहा महिने लागत, तेवढ्यात आप्पांची घरगुती पट्टी चार दिवसांत यंत्रात बसलेली असे. त्यामुळं कारखान्यात त्यांच्यासाठी एक वेगळी खोली होती, काचेच्या दाराची, आणि तिला सगळे ‘मिस्त्रीची केबिन’ म्हणत. आईला त्या केबिनचा आप्पांपेक्षा जास्त अभिमान होता. गावाकडच्या प्रत्येक पत्रात ती मला केबिनचा उल्लेख करायला लावायची.

पट्टी बनवायची म्हणजे काय, ते थोडं सांगते. तांब्याचा पातळ पापुद्रा चिकटवलेली शीट मुंबईहून यायची. तिच्यावर नेलपॉलिशनं रेघा काढायच्या. हे नेलपॉलिश आणायला मीच जायची, आणि दुकानदार बाई दर वेळी, “केटला लग्न छे तमारे घरे?” किती लग्नं आहेत घरी, म्हणून हसायच्या. मग ती शीट फेरिकच्या तपकिरी पाण्यात बुडवून हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळून जातं, नेलपॉलिशखालचं राहतं, तीच वायर. त्या पाण्यानं आमच्या मोरीच्या फरशीवर असे डाग पडले होते की घरमालक आला की आई मोरीत बादली ठेवून उभी राहायची. नंतर हातड्रिलनं बारीक भोकं, आणि भोकांतून सुटे भाग घालून मागच्या बाजूनं कथलाचा एकेक डाग. चिपला आप्पा आयसी म्हणत. आयसी त्यांनी कधी थेट डाग देऊन बसवली नाही. आधी ‘बेस’ बसवायचा. बेस म्हणजे काळं, लांबट, दोन्ही कडांना पाय असलेलं बैठं आसन. डाग द्यायचे ते बेसच्या पायांना. आयसी मग वरून नुसती दाबून बसवायची, म्हणजे तिला आच लागत नाही आणि हवी तेव्हा उपटता येते. बेसच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, तशीच आयसीच्या टोकालाही. खाचेला खाच आली की आयसी सरळ बसली. उलटी बसली तर वीज भलत्या पायात शिरते आणि आयसी क्षणात संपते. धूरही येत नाही बऱ्याचदा. बोट लावलं तर चटका बसतो, एवढंच.

हे सगळं मला इतकं पाठ असण्याचं कारण असं, की शेवटची दोन वर्षं हे काम आप्पा करतच नव्हते. मी करत होते.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला होता. वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब झालाय, चष्म्याचा उपयोग नाही, कडेचं दिसत राहील. तसंच झालं. ते रस्त्यानं चालत, रिक्षा हात करून थांबवत, माणूस चालीवरून ओळखत. पण ज्याच्याकडं सरळ बघावं ते नेमकं नाहीसं व्हायचं. अक्षरं गेली, भोकं गेली, बेसचे पाय गेले. ही गोष्ट घरात आम्हा तिघांना ठाऊक होती आणि घराबाहेर कुणालाच नाही. कळली असती तर केबिन गेली असती, कदाचित नोकरीही. म्हणून आप्पा बोर्ड घरी आणत, “घरी बसून निवांत होतं,” असं सांगत, आणि मी शाळेतून आले की टेबलाशी बसे. शेजारी स्टुलावर आप्पा. मी बघून सांगायची, ते डोकं तिरपं करून ऐकायचे आणि पुढचं सांगायचे. कारखान्यात कुणी कागद पुढं केला की काय करायचं तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. कागद घ्यायचा, दोन क्षण त्याच्याकडं मान खाली घालून थांबायचं, मान हलवायची आणि खिशात टाकायचा. संध्याकाळी तो मी वाचून दाखवायची. आयसी बसवायच्या तेवढ्या कारखान्यात, सगळ्यांदेखत त्यांना स्वतःला बसवाव्या लागत, कारण त्या महागाच्या वस्तू मॅनेजर साहेबांच्या कपाटात असत. पण त्यात अडत नव्हतं. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलं होतं. ते नख बेसच्या टोकावरून फिरवलं की खाच लागायची. मग आयसीची खाच. बघणाऱ्याला वाटे, काय सराईत माणूस आहे, बघतसुद्धा नाही.

आता माझ्या फ्रिजवर चौकटी-चौकटींचा एक कागद चिकटवलेला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलाय. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याच्या मधल्या ठिपक्याकडं बघायचं, आणि रेघा वाकड्या दिसल्या की लगेच या, असं त्यांनी सांगितलंय. हे दुखणं घराण्यात उतरतं म्हणे. मी चहा ठेवण्याआधी तो कागद बघते, आणि आजवर रेघा सरळ आहेत. तरी चहाला उकळी येईपर्यंत मी पुन्हा एकदा बघून येते. आठवणी लिहायला बसले तेव्हा हे प्रकरण बाकीच्यांच्या आधी घेतलं, त्याचं कारण तो कागद आहे.

तर त्या वर्षी मोठ्या यंत्राचा हीटर सांभाळणारा बोर्ड जळला. बोर्डावर पाच बेस होते. त्यातल्या तीन नंबरच्या बेसमधली आयसी, अठ्ठावीस पायांची, पाठीवर काचेची खिडकी आणि तिच्यावर कागदी पट्टी चिकटवलेली, तेवढी वाचली होती. यंत्रानं किती अंशावर काय करायचं ते सगळं तिच्यात भरलेलं होतं, आणि यंत्र बनवणारी कंपनी तोवर बंद पडली होती. म्हणजे तशी दुसरी आयसी जगाच्या पाठीवर मिळणार नव्हती. साहेबांनी ती चंदेरी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली होती. आप्पा म्हणाले, आठ दिवसांत बोर्ड बनवतो. मॅनेजर साहेब म्हणाले, “बनाओ मिस्त्री, लेकिन ये आखिरी चान्स समझो. नहीं हुआ तो ये सब काम बाहर की पार्टी को दे देंगे, और केबिन भी उन्हीं को.” आप्पांनी हे घरी आल्यावर हसत सांगितलं. आईच्या हातातला पेला मात्र ताटावर आपटला.

आठ दिवस आमच्या घरात मोठ्यानं कुणी बोललं नाही. मी शाळेत असले तरी डोळ्यांसमोर त्या रेघा असायच्या. फेरिकमध्ये शीट जास्त वेळ राहिली का, दोन रेघा कुठं चिकटल्या का, अशा शंका घेऊन मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायची. रविवारी दुपारी मी बेस लावायला बसले. आप्पांची एक रीत होती. बेस वरून घालायचा, बोटानं धरून बोर्ड उलटा करायचा, आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पायांना डाग द्यायचा, बेस पट्टीला टेकलाय का बघायचं आणि मगच बाकीचे. आणि बोर्ड उलटायचा तो पुस्तकाचं पान उलटतात तसा, आडवा. भाकरी उलटतात तसा उभा कधीही नाही. “पान उलटलं तर वरचं वरच राहतं,” ते म्हणायचे, “भाकर उलटली तर वरचं खाली येतं, आन् मग डोकं फिरतं.” हे मी शंभरदा ऐकलं होतं.

एक नंबर झाला, दोन नंबर झाला. तीन नंबर घातला आणि बोर्ड उलटते तोच आईनं हाक मारली, “शैलू, दूध उतू जाई ऱ्हायनं, दख ना!” मी तशीच मान वळवली, बोट निसटलं, बेस जमिनीवर पडला. दूध आईनंच धावत उतरवलं. मी बेस उचलला, पाय वाकले नाहीत ना ते पाहिलं. बोर्ड पालथाच होता, म्हणून खालून चाचपत बेस घातला, खाच माझ्यापासून लांबच्या बाजूला. आप्पा म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” अठ्ठावीस डाग दिले, मग चार आणि पाच नंबरचेही. एकापेक्षा एक चांगले आले, टपोरे, चकचकीत. संध्याकाळी आप्पांनी बोर्डाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, सगळे डाग मोजल्यासारखा, आणि म्हणाले, “शैलू, माझे बी इतके चांगले येत नव्हते.” त्या रात्री मी पोटभर जेवले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळच्या पाळीला बोर्ड घेऊन गेले. डबा नंतर जायचा, शेजारचा एक कामगार दहाला निघायचा त्याच्याबरोबर. म्हणून मी शाळेआधी भाकऱ्या टाकत होते. तव्यावरची भाकरी उलथण्यानं उचलली, उलटली, आणि हात तिथंच राहिला. काल आईची हाक आली तेव्हा मी बोर्ड कसा उलटला होता? मी डोळे मिटून पुन्हा हात हलवून पाहिला. मनगट वर उचललं गेलं होतं. उभा. भाकरीसारखा. म्हणजे वरचं खाली आलं होतं, आणि मी मात्र खाच नेहमीच्या बाजूला, माझ्यापासून लांब, घातली होती. आणि मग आठवलं, संध्याकाळी आप्पांनी बोर्ड हातात धरला तेव्हा चार खाचा वर होत्या आणि एक खाली. मला ते दिसलं होतं. दिसलं होतं, पण आनंदात डोक्यात शिरलं नव्हतं.

“काय व्हयनं व माय? भाकर करपनी ना!” आई म्हणाली. मी तिला सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला. उलट्या बेसनं तसं काही बिघडत नव्हतं. आयसी बेसच्या खाचेकडं न बघता उलटी बसवली की झालं. पण आप्पा नखानं खाच शोधणार, खाचेला खाच लावणार, आणि जगाच्या पाठीवरची ती एकुलती आयसी साहेबांच्या डोळ्यांदेखत संपणार. फोन करावा तर तो ऑफिसात वाजणार आणि सांगायचं तरी काय? मी अर्ध्याच भाकऱ्या डब्यात भरल्या, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि शाळेच्या गणवेशातच, दप्तर खांद्याला लावून नाक्यावर पळाले.

सायलीची शटल रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही. आत चार जण होते, ड्रायव्हरला अजून तिघं हवे होते. तो उतरून पान लावत उभा राहिला, “सायली, सायली, रांधा” असं ओरडत. मी म्हटलं, “भाई, चलो ना, माझ्या वडिलांचा डबा आहे.” तो म्हणाला, “डब्बा ठंडा नहीं होगा बेन, टाइम है.” रिक्षातले सगळे हसले. मलाही हसावं लागलं. मी मनात आप्पांचा वेळ मोजत होते. आता बोर्ड यंत्राशी नेला असेल, आता स्क्रू लावत असतील, आता साहेब कपाट उघडत असतील. दोन वारली बाया टोपल्या घेऊन आल्या, मग एक पोस्टमन, तेव्हा कुठं ती रिक्षा हलली.

गेटवर वॉचमन जगनकाका होते, शिरपूरकडचे, घरी येणं-जाणं असलेले. त्यांनी डबा घ्यायला हात पुढं केला. मी म्हटलं, “काका, मला आप्पांना भेटायचंय. आत्ता.” त्यांनी मान हलवली. “आते मधमा कोनलेच सोडानं नई, साहेबनी सांगेल शे. टेस्टिंग चालू शे.” मी दप्तरातनं वही काढली, पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं: ‘आप्पा, तीन नंबरचा बेस उलटा लागला आहे. खाच बघून आयसी बसवू नका. उलटी बसवा. शैलू.’ घडी घालून काकांच्या हातात दिली. “पळत जा काका, त्यांच्या हातातच द्या.” ते बिचारे खरंच पळाले. मी गेटच्या गजांना धरून उभी राहिले आणि आयुष्यातलं एक मोठं संकट टळलं म्हणून देवाचं नाव घेतलं.

काका पाच मिनिटांत परत आले. मी विचारलं, “काय म्हणाले?” ते म्हणाले, “काय नई. हातमा लिधी, दखी, मुंडी हालाई अन् खिसामा टाकी दिन्ही.”

हातात घेतली, पाहिली, मान हलवली, खिशात टाकली. मी दोन वर्षं रोज संध्याकाळी ज्या माणसाला कागद वाचून दाखवत होते त्या माणसाला मी चिठ्ठी लिहिली होती. दुसऱ्या कुठल्या मुलीनं ती लिहिली असती तर तिला मूर्ख म्हणता आलं नसतं, कारण तिला ते माहीतच नसतं. काका मागं वळून काठी उचलायला वाकले तेवढ्यात मी गेटच्या फटीतून आत शिरले.

आत मी त्याआधी कधी गेले नव्हते. गरम तेलाचा वास, आणि हजार चात्यांचा एकच घोंगावणारा आवाज. ओरडलं तरी स्वतःला ऐकू येत नव्हतं. बाकी सगळी यंत्रं चालू होती, मधलं एकच बंद. त्याच्याजवळच काचेच्या दाराची खोली. दारातनं मला आप्पांची पाठ दिसली. एका बाजूला मॅनेजर साहेब, दुसऱ्या बाजूला देसाईभाई, म्हणजे पाळीचे इंजिनिअर. टेबलावर चंदेरी कागद उघडलेला. आप्पांच्या डाव्या हातात आयसी होती आणि उजव्या अंगठ्याचं नख बेसवरून फिरत होतं. एका टोकाला थांबलं. मग ते आयसी त्या टोकाला वळवू लागले.

“आप्पा, थांबा!” मी दार ढकलत ओरडले. “तीन नंबरचा बेस उलटा आहे. मी उलटा लावलाय!”

आप्पांचा हात जागच्या जागी थांबला. ते वळले नाहीत. देसाईभाई माझ्या गणवेशाकडं आणि हातातल्या डब्याकडं बघत राहिले. “तें लगाव्यो? तू बेस लगाती है?” मग त्यांना काहीतरी आठवलं. “पण हमणांच तो चिठ्ठी आवी हती. मिस्त्री, तुमने पढ़ा ना? बोले थे, घर का है, कुछ नहीं.” साहेबांनी हात पुढं केला. आप्पांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली, आणि ती देताना त्यांचा हात साहेबांच्या हाताच्या जरा बाजूला गेला. साहेबांनी वाचली. देसाईभाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाचली. दोघांनी एकदमच मान वर करून आप्पांकडं पाहिलं. आप्पांना ते दिसलं नसणार. पण त्यांनी मान खाली घातली.

मग त्यांनी आयसी माझ्यापुढं धरली. “बसव,” म्हणाले. मी डबा खाली ठेवला. पहिल्यांदा पाय भोकांवर टेकेचनात. मी हात फ्रॉकला पुसले आणि पुन्हा धरली. दोन्ही टोकांना अंगठे ठेवून दाबली, ती हलक्या आवाजासरशी बसली. देसाईभाईंनी स्वतः बटण दाबलं. लाल आकडे उजळले आणि हळूहळू चढू लागले. यंत्र चालू झालं. साहेबांनी चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवली, आणि आप्पांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “मिस्त्री, पहले बोलना था.” तो हात मायेचाच होता, आणि म्हणूनच मला रडू फुटलं.

चार दिवसांनी आप्पांना जनरेटरच्या शेडमध्ये टाकलं. पगार तोच ठेवला, साहेब वाईट नव्हता. केबिन मात्र गेली. आईनं मला एकदाच विचारलं, “तू त्यास्ले बाहेर बलाई लेती तं? आई चक्कर यीसन पडनी, अशी सांगती तं?” आईला चक्कर आली, बाहेर या. खरंच, एवढं एक साधं खोटं. आप्पा बाहेर आले असते, मी कानात सांगितलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. मला ते सुचलं नाही. नुसतं ‘बेस उलटा आहे’ म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. ‘मी लावलाय’ कशाला म्हणाले? त्या गोष्टीला एवढी वर्षं झाली. मी पुढं याच गावात पट्ट्या दुरुस्त करण्याचं दुकान चालवलं, पाच माणसं हाताखाली ठेवली, तरी अजून भाकरी उलटताना मी ते खोटं मनात रचून बघते. दर वेळी ते आणखी सोपं वाटतं.

आठ दिवस आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. रागानं नाही, नुसते नाहीत. जेवायचे, शेडवर जायचे, येऊन ओट्यावर बसायचे. टेबलावर आई परत डाळ निवडू लागली. साहेबांच्या टेबलावरची चिठ्ठी त्यांनी उचलून आणली होती हे मला आईकडून कळलं. ते रोज शर्ट बदलताना ती जुन्या खिशातून नव्या खिशात घालायचे, आणि आई धुवायला घेताना तेवढा खिसा चाचपून बघायची.

रविवारी दुपारी ते आपल्या स्टुलावर येऊन बसले. आईनं सूप उचललं. आप्पांनी खिशातून चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि टेबलावर माझ्यापुढं सपाट केली.

“वाच,” म्हणाले.

“आप्पा, माझं चुकलं,” मी म्हटलं.

“ते नंतर. तिथं साहेबानं वाचली, देसाईनं वाचली. जगननं बी वाटेत उघडून वाचली असंल. सगळ्यांनी वाचली आन् माझ्याकडं बघितलं. मला कुणी वाचून दाखवली नाही. माझी चिठ्ठी होती ना?”

मी वाचली. आप्पा, तीन नंबरचा बेस उलटा लागला आहे. खाच बघून आयसी बसवू नका. उलटी बसवा. शैलू. ते डोकं तिरपं करून ऐकत होते, बोर्डावरचा एखादा आकडा ऐकावा तसे. मग म्हणाले, “‘बघून’ लिहिलंस?”

“हो.”

“मी कधी बघत होतो, शैलू?” त्यांनी अंगठा वर केला. त्या नखाचं टोक त्या आठ दिवसांत त्यांनी कापून टाकलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडावर हसू होतं, आणि त्यातलं खरं कुठलं ते मला त्या वेळी कळलं नाही, आजही सांगता येणार नाही.

मी पेन घेतलं. ‘बघून’ खोडलं, वर ‘चाचपून’ लिहिलं, आणि पहिल्या शब्दापासून त्यांना चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवली.

“हां,” आप्पा म्हणाले. “आता बराबर.”